लाडू पाच किलो, झोप तीन तास: अकोल्यातलं एक बाळंतपण

माझ्या धाकट्या बहिणीचं बाळंतपण आहे हे, तिला विचारूनच लिहितेय, नावं मात्र कोणाचीच टाकत नाहीये, तिला आपण धाकटीच म्हणू. गेल्या काही महिन्यांत तीन मैत्रिणींनी विचारलं की घरी बाळंतिणीची तयारी काय करायची, आणि तिघींनीही लाडवांचं प्रमाण विचारलं. लाडवांचं सांगतेच पुढे, पण आमच्याकडे जे फसलं ते लाडवात नव्हतंच.

धाकटी पुण्याला असते. पहिली खेप म्हणून ओटी भरून झाली की माहेरी अकोल्याला आली, तारीख मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यातली. अकोल्याचा मे ज्यांनी काढलाय त्यांना काही सांगायला नको, बाकीच्यांसाठी म्हणून, दुपारी 44-45 अंश ही बातमी नसते तिकडे, रात्री दहाला भिंतीला हात लावला तर भिंत कोमट लागते आणि टाकीतलं पाणी संध्याकाळी सातपर्यंत अंगावर घ्यायच्या लायकीचं नसतं. मी मोठी, मलाही पुण्याहून वर्क फ्रॉम होम मिळालं म्हणून डिलिव्हरीच्या चार दिवस आधी पोचले.

आईची तयारी बघून मी खरंच फोटो काढला होता. डिंकाचे लाडू तीन किलो, मेथीचे दोन, शिवाय अळीव, खसखस, बाळंतशोपा, ओवा, सुंठ, पिंपळमूळ, गोडंबी अशा बरण्या ओळीने लावून त्यावर चिठ्ठ्या. गच्चीवरून बाजलं खाली आणून सुंभ नवं आवळलं होतं. शेगडी, गोवऱ्या, कोळसे. मऊ जुन्या लुगड्यांची लंगोटं उकळून, वाळवून, घडी करून. कानटोपी, झबली, दुपटी, सगळं. मागची लहान खोली बाळंतिणीची, तिची एकुलती खिडकी जुनं ब्लँकेट लावून बंद, दाराला पडदा, कारण वारा लागतो. कूलर हॉलमध्ये, त्याचं तोंड सोफ्याकडे. आई 66 वर्षांची, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, आणि तिने हे सगळं एकटीने केलं होतं, हे इथेच सांगून ठेवते कारण पुढे मी तिच्या बऱ्याच गोष्टींना नावं ठेवणार आहे.

सिझेरियन झालं. मुलगी, 2 किलो 900 ग्रॅम. चौथ्या दिवशी घरी सोडलं तेव्हा वजन 2.720, डॉक्टर म्हणाले पहिल्या आठवड्यात उतरतंच थोडं, पाजत राहा. धाकटीचं हिमोग्लोबिन 8.9, लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्या. जावई आठवडाभराच्या सुट्टीवर होता, प्रायव्हेट कंपन्यांना बापाच्या रजेचा कायदा नाही आपल्याकडे, त्यामुळे मॅनेजरच्या मर्जीवर जेवढं मिळालं तेवढं.

दुसऱ्या दिवशी पाचवी. पाटा-वरवंटा मांडून पूजा, सटवाई रात्री येऊन कपाळावर नशीब लिहून जाते म्हणून दिवा रात्रभर तेवत ठेवायचा, आणि घरातल्या कोणीतरी जागायचं. आमच्याकडे सगळ्याच जाग्या होत्या. काकू, मामी, शेजारच्या दोघी, साडेबारापर्यंत त्या खोलीत, लाईट चालू, बाळ ह्या मांडीवरून त्या मांडीवर. टाके घातलेली बाई कोपऱ्यात उशीला टेकून बसलेली आणि सगळ्यांना हसून उत्तरं देतेय. मीही होते तिथे, मीही गप्पा मारत होते, खोटं कशाला बोलू.

सहाव्या दिवशी दुपारी मावशी, म्हणजे मालीशवाल्या मावशी, मालीश करून गेल्या, शेगडीवर ओव्याची धुरी झाली, आणि बाळ पडलं निपचित. आईला वाटलं शेकाने छान झोपलंय. संध्याकाळी लंगोट बदलताना त्यावर विटकरी रंगाचा डाग दिसला, रुपयाएवढा, वाळलेला, कोणी बोटाने गेरू लावावा तसा. आई घाबरली, म्हणाली रक्त आहे. मी बाळाची मान चाचपली तर चटका बसावा इतकी गरम, थर्मामीटर काखेत लावला तर 100.8. मग विचारायला लागले की सकाळपासून शू किती वेळा झाली, तर कोणालाच सांगता येईना. आई म्हणाली दोनदा, मावशींनी बदललं असेल तर तीनदा.

रात्री आठला डॉक्टरांकडे. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 किंवा वर ताप म्हणजे घरी बघू बघू करायचंच नाही, थेट दवाखाना, हे मला माहीत होतं ते एवढ्यासाठी की माझ्या मुलाच्या वेळी मी हेच शिकले होते. वजन केलं, 2 किलो 600. म्हणजे जन्माच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त उतरलेलं. रक्त तपासलं, इन्फेक्शन नव्हतं. डॉक्टरांनी तीन प्रश्न विचारले: खोलीत हवा आहे का, बाळाच्या अंगावर किती कपडे आहेत, आणि बाळंतीण दिवसाला किती पाणी पिते. तिसऱ्या प्रश्नाला धाकटीने आईकडे पाहिलं. आई म्हणाली, दोन ग्लास, जास्त पाण्याने टाके पिकतात ना.

डॉक्टर ओरडले नाहीत. म्हणाले, काकू, बाळाला बाहेरून तापवलंय आणि आतून दूध कमी पडलंय, हा ताप त्याचा आहे. आणि तो विटकरी डाग म्हणजे रक्त नाही, लघवी फार दाट झाली की असे खडे उतरतात. बाळाला दीड दिवस ठेवून घेतलं. तिथल्या सिस्टरने धाकटीला पहिल्यांदा नीट पाजायला शिकवलं, खरं तर हे डिलिव्हरीच्या दिवशीच व्हायला हवं होतं, पण असो. बाळ मांडीवर आडवं घेतलं की टाक्यावर लाथ बसते म्हणून काखेखाली धरायचं, पाय पाठीमागे, आणि नुसतं बोंड नाही तर भोवतीचा काळा भाग बाळाच्या तोंडात बऱ्यापैकी गेला पाहिजे. तोवर दोन्हीकडे चिरा पडलेल्या होत्या आणि ती दर वेळी दात-ओठ खाऊन पाजत होती, म्हणून पाजणं आपोआपच कमी होत गेलं होतं. सिझेरियनला दूध उतरायला एखादा दिवस जास्त लागतो, त्यात पाणी नाही, झोप नाही, वरून धुरी. वाटीत दूध काढून बोंडल्याने पाजलं दोन-चार वेळा, आईचं जुनं चांदीचं बोंडलं, उकळून घेतलेलं, आणि हे एक काम आईने इतकं सफाईने केलं की सिस्टरनेच विचारलं कुठे शिकलात.

घरी आलो आठव्या दिवशी, आणि मग मी वही काढली. शाळेची दोनशे पानी. पाच रकाने: वेळ, कुठल्या बाजूला पाजलं, शू, शी, आणि शेवटचा रकाना धाकटीची झोप. शेवटचा का टाकला ते आता आठवत नाही, बहुतेक जागा उरली होती म्हणून. पहिल्या चोवीस तासांचं पान भरलं, बेरीज केली तर बाळाच्या शू आठ, फीड अकरा, दोन्ही झकास, आणि बाळंतिणीची झोप सगळे तुकडे मिळून तीन तास दहा मिनिटं. सगळ्यात मोठा तुकडा 50 मिनिटं. म्हणजे पाच किलो लाडू तयार होते, शेगडी होती, पिंपळमूळ होतं, आणि रात्री तीनला बाळ कोण घेणार हे कोणीच ठरवलं नव्हतं. तेच पान मी आईला दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, आमच्या वेळी तर कोणी उठवायचं नाही गं बाळंतिणीला.

यावर मी नंतर पुष्कळ विचार केला. आई बरोबर म्हणत होती. तिच्या वेळी दहा दिवसांची सुवेर पाळायचे, बाळंतिणीला शिवायचं नाही, तिच्या खोलीत ज्याने त्याने जायचं नाही, तिने स्वयंपाकाला हात लावायचा नाही. त्यामागचा विटाळ हा प्रकार घाणेरडा, त्याचं कौतुक मी करणार नाही. पण त्या विटाळाने नकळत दाराला कडी घातली होती. विटाळ गेला ते उत्तमच झालं, पण जाताना कडी पण काढून गेला, आणि आता दहाव्या दिवसाऐवजी दुसऱ्याच दिवशी अख्खी सोसायटी बाळ बघायला पलंगावर. शेगडी मात्र तशीच राहिली. जे सोडायचं ते धरून ठेवलं आणि जे धरायचं ते सोडलं, आमच्या घराने तरी.

तर मग आम्ही काय काय बदललं.

आधी खोली. बाळंतीण हॉलच्या शेजारच्या मोठ्या खोलीत आली, कूलर खिडकीला बाहेरून लावला, झोत छताकडे, बाळाच्या अंगावर सरळ नाही, आणि समोरची खिडकी चार बोटं उघडी, नाहीतर कूलरने नुसती चिकचिक होते. डॉक्टरांनी खोलीत 26-28 अंश असलं तर पुरे म्हणून सांगितलं होतं, मी भिंतीवर साधा थर्मामीटर लावला, दुपारी तो तीसच्या खाली क्वचितच आला पण आधीच्या खोलीत तो किती असता देव जाणे. बाळाच्या अंगात एकच सुती झबलं, टोपी बंद. हात-पाय गार लागतात म्हणून कपडे वाढवायचे नाहीत, मान आणि पाठ चाचपायची, तिथे घाम किंवा चटका नसला की बाळ ठीक. दुपारी लाईट गेली की ओला पंचा खिडकीवर आणि हातपंखा, इन्व्हर्टरवर पंखा तेवढा चालायचा.

शेगडी गेली. ह्यावर आईशी खरं भांडण झालं, दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. मी तिला एवढंच म्हटलं की बंद खोलीत कोळसा पेटवला की जो वायू होतो त्याला वासही नसतो आणि रंगही, आणि धूर बाळाच्या फुप्फुसाला चांगला असता तर आपण चुलीवरून गॅसवर का आलो. तिला शेक म्हणजे कंबर मोकळी होणं एवढंच पाहिजे होतं, मग गरम पाण्याची पिशवी कंबरेला, टाक्यापासून लांब, रात्री झोपताना. मेमध्ये गरम पिशवी कशाला असं मला वाटलं होतं, पण धाकटीला ते आवडलं, सिझेरियनच्या वेळी पाठीत दिलेल्या भुलीच्या इंजेक्शननंतर तिची कंबर भरून यायची.

मालीशवाल्या मावशींचं प्रकरण वेगळंच. दोघींची मालीश-अंघोळ धरून रोजचे 500, आणि हात असा की बाळ मालीश करता करता पेंगायचं. पण त्यांच्या पद्धतीत चार गोष्टी अशा होत्या की मला मध्ये पडावं लागलं: नाका-कानात तेलाचा थेंब, नाक चिमटीत धरून सरळ करणं, बाळाची छाती दाबून "दूध काढणं", आणि बाळंतिणीचं पोट दाबून वर लुगडं आवळणं. नवजात मुलींचीच काय मुलांचीही छाती आईच्या हार्मोन्सने थोडी सुजलेली असते, ती आपोआप बसते, दाबली तर तिथे पू होऊ शकतो. पोटाला तर ताजे टाके. मावशींना म्हटलं, हातपाय, पाठ, डोकं, हवं तेवढं चोळा, ह्या चार गोष्टी नकोत. त्या म्हणाल्या, तीस वर्षं करून राह्यली मी हे. मग थोडं थांबून, बरं बाई, तुमचं लेकरू. आणि खरंच नाही केलं परत. बाळगुटी, मध, काजळ ह्यांचीही तशीच रजा झाली, सहा महिने आईचं दूध आणि डॉक्टरांनी दिलेले डी जीवनसत्त्वाचे थेंब, एवढंच. काजळाची तीट तळपायाला लावू दिली, बाळाची दृष्ट आईने काढली, त्यात कोणाचं काय जातं.

आता खाणं, ज्यासाठी तुम्ही हे वाचायला घेतलं असेल. पहिल्या आठवड्यात धाकटीला मिळत होतं ते असं: सकाळी डिंकाचा लाडू, अकराला तूप-मेतकूट-भात, दुपारी मेथीचा लाडू, संध्याकाळी खसखशीची खीर, रात्री तूप-भात आणि अजून एक लाडू. डाळ वातूळ म्हणून बंद, वांगं बंद, बटाटा बंद, फळं थंड म्हणून बंद. पाणी दोन ग्लास. पाच दिवस तिचं पोट साफ नव्हतं आणि टाके असताना कुंथायची भीती वेगळीच, ज्यांनी भोगलंय त्यांनाच कळेल. पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज 600 कॅलरी आणि साधारण 17 ग्रॅम प्रोटीन जास्तीचं लागतं असं आपल्याकडची आयसीएमआर, म्हणजे सरकारी वैद्यकीय संशोधन परिषद, सांगते. लाडवांनी कॅलरी पोचत होत्या, आईच्या हातचा लाडू 40 ग्रॅमचा, म्हणजे सहज 180-200 कॅलरी एकात. प्रोटीनच्या नावाने मात्र आनंद होता.

लाडू मी बंद केले नाहीत, करूही नका, त्यात खारीक आहे, खोबरं आहे, तूप आहे, आणि रात्री दोनला भूक लागली की एका हाताने बाळ धरून दुसऱ्या हाताने खाता येणारी ह्यापेक्षा सोयीची गोष्ट मला माहीत नाही. दिवसाला तीनचे दोन केले, त्यातला एक रात्रीसाठी उशाशी डबीत. मुगाचं घट्ट वरण दोन्ही वेळा, एक मोठी वाटी. ज्वारीची भाकर ताज्या लोण्याशी. शेवग्याच्या पाल्याची भाजी, झाड अंगणातच होतं. लसूण-खोबऱ्याची चटणी. अळीव दुधात भिजवून खीर, ओलं खोबरं घालून त्याचे लाडू केले असते तर त्या उन्हात दोन दिवसांत वास मारला असता. दूध दोनदा, ताक दुपारी. पपई, मोसंबी, रात्री भिजवलेले मनुके. पोटासाठी डॉक्टरांनी आठवडाभर एक गोड सिरप दिलं आणि खरं काम पाण्याने केलं: दर वेळी बाळ पाजायला घेतलं की आधी तिच्या हातात तांब्या, ती पाजत असताना तिने तो संपवायचा, हा नियमच. बाळ दिवसाला दहा वेळा पितं, म्हणजे मोजायची भानगडच नाही. तिसऱ्या दिवशी पोट साफ झालं आणि ती बाथरूममधून बाहेर आली तेव्हा आम्ही दोघींनी टाळ्या वाजवल्या, आई म्हणाली लाज वाटू द्या.

अंड्याची गंमत सांगायची राहिली. आईच्या स्वयंपाकघरात अंडं येत नाही. जावई शनिवारी यायचा, पुण्याहून महाराष्ट्र एक्सप्रेसने रात्रभर बसून, सकाळी अकोला, आणि रविवारी परत. त्याने मागच्या गॅलरीत इंडक्शन मांडला आणि अंडी उकडायला घेतली. मग सोमवार ते शुक्रवार ती ड्युटी माझ्याकडे. आईला वास आलाच असणार, तिने कधी विचारलं नाही, फक्त एकदा टरफलं तुळशीत टाकू नका एवढं म्हणाली.

गोळ्यांचं थोडक्यात. लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घ्यायची नाही, कॅल्शियम लोहाला आत जाऊ देत नाही. लोहाची सकाळी अकराला लिंबूपाण्याबरोबर, मागेपुढे तासभर चहा नाही. कॅल्शियम जेवणानंतर. आणि दोन्ही बाळंतपणानंतर सहा महिने, महिन्याभराचं पाकीट संपलं की संपलं असं नाही, इथे भल्याभल्या चुकतात.

आणि झोप. आम्ही रात्र कापली. दहा ते तीन बाळ माझं, तीन ते सहा आईचं नाही, आईच्या गुडघ्यांना ते झेपणारं नव्हतं, तर परत माझंच, आणि सकाळी सहा ते नऊ आईचं. बाळ माझं म्हणजे पाजणं सोडून सगळं माझं: रडलं की मी उचलणार, लंगोट मी बदलणार, मग धाकटीच्या कुशीत आडवं देणार, ती कुशीवर झोपूनच पाजणार, मी शेजारी बसून जागी राहणार कारण पाजता पाजता तिचा डोळा लागला तर बाळाकडे कोणीतरी बघायला पाहिजे, पोट भरलं की ढेकर मी काढणार आणि बाळ पाळण्यात. तिने पाय खाली टाकायचे नाहीत. सकाळी सहाचं फीड झालं की आई बाळ घेऊन अंगणात, कोवळ्या उन्हात, आणि खोलीचं दार बंद, नऊपर्यंत कोणी आत जायचं नाही, जावई आला असला तरी नाही. त्या तीन तासांत धाकटी जी झोपायची ती मेल्यासारखी. मी झोपायचे दुपारी, ऑफिसला सांगून टाकलं की दोन ते पाच मी नाहीये. शनिवारची रात्र पूर्ण जावयाची. पहिल्या शनिवारी त्याने लंगोट उलटं बांधलं, दुसऱ्या शनिवारी तो माझ्यापेक्षा भारी ढेकर काढायला लागला.

आणि दाराची बेल. घरोघरी बेल वाजते तेव्हाच बाळंतीण झोपलेली असते, हा निसर्गनियम आहे. मी स्टुलावर चढून बेलचा सेल काढून टाकला. गेटवर पाटी: बाळ-बाळंतीण झोपल्या आहेत, भेटायला संध्याकाळी 5 ते 6. आई म्हणाली, लोक काय म्हणतील. लोक म्हणालेच. एक आत्या रुसल्या होत्या, बाराव्याला बारशाला आल्या, घुगऱ्या खाल्ल्या, बाळाच्या हातावर चांदीचा रुपया ठेवला आणि विषय संपला. बारसंही आम्ही हॉलमध्ये एका तासात आटपलं, धाकटी पाळण्याशी दहा मिनिटं बसली आणि आत गेली.

वहीत नवव्या दिवशी झोप साडेचार तास, अकराव्या दिवशी साडेपाच, चौदाव्या दिवशी सहा तास वीस मिनिटं. आशाताई वजनकाटा घेऊन आल्या होत्या त्या दिवशी, झोळीत घालून टांगायचा तो काटा, बाळ 2 किलो 950. जन्माचं वजन भरून निघालं, वर 50 ग्रॅम.

सगळं एकदम छान झालं असं मात्र नाही. धाकटी रडायची. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून, उगाच, खीर बघून, पंख्याकडे बघून. असं बऱ्याच जणींना होतं, दोन आठवड्यांत ओसरतं, म्हणून मी मनावर घेतलं नव्हतं. सोळाव्या दिवशी मावशी मालीश आटपून जाताना मला बाहेर घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "बाई, ते लेकराकडे पाहून नाही राह्यली. पाजते, पन पाहत नाही." मी रोज तिच्या शेजारी बसत होते, वहीत मिनिटं लिहीत होते, आणि हे मला दिसलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी टाके दाखवायला जायचंच होतं, तिथे डॉक्टरबाईंना सांगितलं. त्यांनी मला बाहेर बसवून तिला दहा प्रश्न विचारले, त्यासाठी एक ठरलेली प्रश्नावली असते, गेल्या सात दिवसांत हसू येतं का, उगाच स्वतःला दोष देतेस का, झोप येत नाही का, स्वतःला इजा करायचे विचार येतात का. गुण सीमेवर आले. औषध दिलं नाही, आठवड्याने परत या म्हणाल्या, आणि 14416 नंबर दिला, टेली मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. तिने एकदा रात्री फोन केला. काय बोलली ते मी विचारलं नाही. मला नंतर तिने सांगितलं ते एवढंच की तिला वाटत होतं त्या सहाव्या दिवशी बाळाला ताप तिच्यामुळे आला, तिला कळायला हवं होतं. आम्ही सगळे खोली, शेगडी, पाणी ह्यावर भांडत होतो आणि ती बिचारी ते सगळं स्वतःच्या नावावर लिहून घेत होती. परत गेलो तेव्हा गुण खाली आले होते. पण ते खाली आले नसते तर औषध घ्यायचं, पाजणाऱ्या बाईला चालतील अशी औषधं असतात, एवढं बाईंनी तेव्हाच स्पष्ट सांगून ठेवलं होतं.

फ्रिजवर एक कागद चिकटवला होता, तो इथे उतरवते: तासाभरात पॅड पूर्ण भिजलं, 100.4 ताप, अंगावरून जाण्याला घाण वास, टाक्यातून पाणी, एकाच पोटरीत दुखणं आणि सूज, डोकं फुटेल असं दुखणं किंवा डोळ्यापुढे अंधारी, श्वास लागणं, छातीत दुखणं, स्तनावर लाल गरम गाठ आणि थंडी, स्वतःला किंवा बाळाला इजा करायचे विचार, ह्यातलं काहीही झालं तर आईला विचारायचं नाही, मला विचारायचं नाही, गाडी काढायची किंवा 108. बाळाचं वेगळं: ताप, दूध ओढेना, शू सहापेक्षा कमी, पिवळेपणा पायापर्यंत. आईने खाली पेनने लिहिलं होतं, "विटकरी डाग".

सहा आठवडे झाले तेव्हा पाऊस पडून गेला होता. बाळ 4 किलो 100, लशी झाल्या, एक रात्र किरकिर. धाकटीचं हिमोग्लोबिन 10.6. लाडू सव्वा किलो उरले, त्यातले निम्मे पुण्याला बांधून दिले आणि निम्मे आई स्वतः खातेय, गुडघ्यांना बरे म्हणून.

वही मी माझ्या बॅगेत टाकायला शोधत होते तर ती आईच्या कपाटात सापडली. मामेबहिणीची तारीख ऑक्टोबरची आहे, तीही अकोल्यालाच येणार. आईने वहीच्या मागच्या पानावर तिच्या तिरक्या अक्षरात यादी सुरू केली होती. खारीक, गोडंबी, अळीव हे खाली होतं. पहिल्या ओळीत लिहिलं होतं, बेलचा सेल काढून ठेवणे. दुसऱ्या ओळीत, रात्री कोण?